गंगेचं पाणी आणि अण्णांच्या वह्या

नाशिकमध्ये गोदावरीला घरात कुणी गोदावरी म्हणत नाही. पेपरात आणि भाषणात गोदावरी, घरात गंगा. "गंगेवर जाऊन येतो", "गंगेला पाणी आलंय का बघ जरा". मी मूळची सोलापूरकडची. नळाला पाणी येत नाही ही तक्रार ऐकत लहानाची मोठी झाले. घरात पाणी येतं ही तक्रार मला लग्नानंतर कळली!

आमचं जुनं घर भांडी बाजाराच्या मागच्या गल्लीत. वाडाच म्हणायचा, पण आता वाटण्या होऊन आमच्या वाट्याला खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या आणि मध्ये एक अंधारा जिना. सासू-सासरे (आई आणि अण्णा) तिथे राहायचे, आम्ही गंगापूर रोडला. दोन्ही घरांच्या मध्ये रिक्षाने वीस मिनिटं.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे धाकट्या नणंदेने पुण्यात फ्लॅट घेतला आणि फोनवर सहज विचारलं, "वहिनी, घराचा विमा वगैरे काढतात का गं लोक? अण्णांनी काढला होता ना?" उत्तर देता देता पाऊण तास गेला. नंतर वाटलं, हे नीट लिहूनच ठेवावं. मावसबहिणी, भाचे, सगळेच आता घरं घेतायत. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

तर आधी थोडं भूगोलाचं.

रामकुंडाजवळ गंगेच्या पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. नाशिककरांची पूर मोजायची पट्टी म्हणजे हा मारुती. किती क्युसेक सोडलं ते टीव्हीवाल्यांना लखलाभ, गल्लीत विचारतात ते "मारुतीच्या कुठवर आलं?" गुडघ्याला आलं की लोक बघायला जातात. कमरेला आलं की घाटावरचे दुकानदार माल हलवतात. छातीला लागलं की भांडी बाजार, कापड बाजार, सराफ बाजार, सगळीकडे शटर वाजायला लागतात. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. गंगापूर धरणातून १०,००० क्युसेक सोडले म्हणजे दर सेकंदाला २ लाख ८३ हजार लिटर पाणी आपल्या दिशेने निघालं. शिवाय शहरातल्या पावसाचं पाणी वेगळं. जुन्या गावाखालून सरस्वती नाला येतो आणि गंगेला मिळतो. गंगाच तुडुंब असेल तर नाल्याचं पाणी जाणार कुठे? ते उलटं फिरतं. म्हणून आमच्या गल्लीत पाणी आधी नदीकडून येत नाही, गटाराच्या झाकणातून येतं. हे मला अण्णांनी पहिल्याच पावसाळ्यात ओट्यावर बसून समजावून दिलं होतं.

अण्णा शाळेत कारकून होते. १९६९ चा पूर त्यांनी पाहिला होता. त्यानंतर बरीच वर्षं गंगा घरापर्यंत आली नाही, ती आली १९ सप्टेंबर २००८ ला. पितृपक्ष चालू होता, रामकुंडावर श्राद्धाला बाहेरगावची माणसं आलेली आणि पाणी चढलं. त्या वेळी घरात दोन फूट पाणी होतं. त्याच पुरानंतर शहरात पूररेषांची चर्चा सुरू झाली. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. आमचं घर कुठल्या रेषेत ते बघायला अण्णा नकाशा शोधत बसले नाहीत. त्यांनी सरळ घरातल्या सामानाचा ३ लाखांचा विमा काढला. वास्तू चार भावांच्या नावावर, तिचा विमा काढायचा तर चौघांचं एकमत हवं, म्हणून फक्त सामानाचा. दरवर्षी न चुकता नूतनीकरण. आम्ही हसायचो. "अण्णा, यात आहे काय तीन लाखांचं?"

२ ऑगस्ट २०१६, मंगळवार. दिव्यांची अवस.

आईंनी सकाळीच घरातले सगळे दिवे काढून चिंच लावून घासले होते. समया, निरांजनं, लामणदिवा, अगदी कंदीलसुद्धा. पाटावर मांडून पूजा केली, कणकेचे गोड दिवे केले. बाहेर पाऊस कोसळतच होता. दुपारपर्यंत गल्लीत पाणी, मग ओट्यावर, मग उंबऱ्यात. आमच्याकडून तिकडे जायचे रस्ते बंद. फोनवर फोन चालू. नवरा ओरडून सांगतोय, टीव्ही वर न्या, इन्व्हर्टर वर न्या. आणि आईंनी पाट उचलून आधी काय वर नेलं असेल? दिवे!

संध्याकाळी मारुती दिसेनासा झाला. आमच्या माजघरात साडेचार फूट पाणी. वीज आधीच बंद केलेली. शेजारची दोन कुटुंबं आमच्या वरच्या खोल्यांत आलेली. आणि त्या रात्री सगळ्यांना उजेड दिला तो आईंच्या घासूनपुसून ठेवलेल्या दिव्यांनी. "टीव्ही नेला असता तर अंधारात बघत बसला असतात का?" हे वाक्य आई त्यानंतर निदान शंभर वेळा बोलल्या असतील.

त्याच रात्री बातम्यांत महाडजवळचा सावित्री नदीवरचा पूल वाहून गेल्याचं आलं. एस.टी. गेली, माणसं गेली. आमचं नुकसान फ्रिज आणि गाद्यांचं होतं, हे त्या बातमीने फार लवकर समजावलं.

बुधवारी सकाळी पाणी उतरलं आणि आम्ही पोहोचलो.

पुराचं पाणी घरातून जातं तेव्हा स्वच्छ जात नाही, हे ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगून कळायचं नाही. सगळीकडे वीतभर गाळ. चिकट, काळपट, गटाराचा वास मारणारा. फ्रिज आडवा होऊन दारात अडकलेला. प्लायवूडच्या कपाटाचा फुगून पुठ्ठा झालेला. आणि पणजोबांच्या वेळचं सागवानी फडताळ मात्र तसंच उभं! आजही ते वापरात आहे.

आता इथे पहिला पेच. गाळ ओला आहे तोवर निघतो. एकदा वाळला की सिमेंटसारखा बसतो. आई पदर खोचून, खराटा घेऊन तयार. आणि विमा कंपनीच्या फोनवरची मुलगी मला गोड आवाजात सांगतेय, "मॅडम, सर्व्हे होईपर्यंत काही हलवू नका." सर्व्हे कधी? सांगता येत नाही. गल्लीत सगळीकडेच नुकसान झालेलं. खालच्या कोठीत वर्षाचा गहू भिजत पडलेला, दमट हवा. तो काही सर्व्हेअरची वाट बघत थांबणार नव्हता.

पॉलिसीची कागदं अण्णांनी वरच्या खोलीत ठेवलेली. ती मी तिथेच जिन्यात बसून वाचली. त्यात एक कलम होतं, जवळपास सगळ्याच पॉलिसींत असतं: नुकसान आणखी वाढू नये यासाठी विमाधारकाने वाजवी काळजी घ्यायची. म्हणजे साफसफाई करायला बंदी नाही, पुरावा नष्ट करायला आहे. मग कंपनीला ई-मेलवर तसं कळवलं की आरोग्याला धोका म्हणून आम्ही सफाई सुरू करतोय, फोटो आणि नमुने ठेवतोय. आणि कामाला लागलो.

क्रम असा ठेवला. आधी एकाही वस्तूला हात न लावता प्रत्येक खोलीचे चारही कोपऱ्यांतून फोटो. भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेला टेप लावून फोटो. मग एकेक वस्तू बाहेर काढताना तिचा फोटो, यंत्र असेल तर मागच्या पट्टीवरच्या नंबराचाही. फेकायच्या गादीचा हातभर तुकडा कापून पिशवीत. गहू चाळणीत घेऊन फोटो (तिसऱ्या दिवशी त्याला मोड आले होते, तेही फोटोत आहेत) आणि मग पोती उचलून बाहेर. फ्रिज, वॉशिंग मशीन, घरघंटी, शिलाई मशीन ही मोठी यंत्रं मात्र चौकात ताडपत्रीखाली तशीच ठेवली. कुठलंही यंत्र "चालतंय का बघू" म्हणून सुरू केलं नाही. तलाठी पंचनाम्याला आले तेव्हा पंचनाम्याची प्रत मागून घेतली, कारण पूर आला होता याचा तो सरकारी कागद.

गाळ काढायला दीड दिवस लागला. फावडं, घमेली, मग पाणी, मग ब्लीचिंग पावडर. हातात रबरी मोजे, पायात गमबूट. आईंना मोजे घालायला लावणं हे पूर उपसण्यापेक्षा अवघड होतं.

आणि मग यादी.

बिलं खालच्या कपाटात होती, फाईल लावून, कंपनीवार. त्या फाईलचा लगदा झालेला. नवरा डोक्याला हात लावून बसला. तेव्हा अण्णा उठले आणि माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक काढून घेऊन आले. त्यात त्यांच्या वह्या. १९७१ पासून रोजचा जमाखर्च. रोज! भाजी, दूध, मुलांच्या फिया, वर्गणी, सगळं. २००४ च्या दसऱ्याच्या पानावर: "फ्रिज, रोख, ११,५००. हमाली ६०. पेढे ४०." घरघंटी कधी घेतली, शिलाई मशीन कुणाकडून घेतलं, दिवाणाची गादी कितीदा पिंजून घेतली, सगळं शाईत.

या वह्यांवरून मी आमच्या घरात कितीतरी वर्षं चेष्टा ऐकत आले होते. "पेढ्यांचे चाळीस लिहिणारा माणूस" म्हणून. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

यादी चालू असताना गल्लीतले एक काका आले. अनुभवी माणूस. त्यांनी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, की मोठा टीव्ही लिहा, वॉशिंग मशीन नवीन लिहा, सोफा होता म्हणून लिहा. कंपनी कापणारच आहे. दोन लिहिलंत तर एक मिळेल, एक लिहिलंत तर अर्धा.

खरं सांगायचं तर यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. नवऱ्यालाही पटलं होतं. इतकी वर्षं हप्ते भरले, कधी एक रुपया मागितला नाही, आता गरज आहे तर थोडं वाढवून लिहिलं तर काय बिघडलं? बापलेकांचा आवाज चढला. मी आणि आई स्वयंपाकघरात भांडी धूत गप्प. शेवटी अण्णा एवढंच म्हणाले, "वहीत नाही ते यादीत नाही." आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. वहीत होतं तेवढं लिहिलं. १ लाख ९० हजारांची यादी झाली.

सर्व्हेअर शनिवारी आले, म्हणजे पूर उतरल्यावर चौथ्या दिवशी. इथे एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडे सर्व्हेअर म्हणजे कंपनीचा माणूस अशी समजूत असते. तो परवानाधारक, स्वतंत्र व्यावसायिक असतो. नेमणूक आणि मानधन कंपनीकडून, पण नुकसान किती ते त्याने निःपक्षपातीपणे ठरवायचं असतं. आमच्याकडे आलेले गृहस्थ चिखलाने माखलेल्या बुटांनी दारात उभे राहिले आणि आत येऊ का म्हणून विचारलं. आईंनी त्यांना आधी चहा दिला.

त्यांनी ताडपत्रीखालची यंत्रं बघितली, फोटो बघितले, गादीचा तुकडा बघितला. बिलं नाहीत म्हटल्यावर चेहरा थोडा पडला. मग अण्णांनी वह्या पुढे केल्या. ते गृहस्थ बराच वेळ पानं उलटत राहिले. दसऱ्याचं पान, पेढे ४०. एकदाच मान वर करून म्हणाले, "असा पुरावा मी नाही पाहिला अजून." एकाही तारखेवर, एकाही किमतीवर त्यांनी शंका घेतली नाही.

पण मंडळी, वही खोटं बोलत नाही हे दोन्ही बाजूंनी लागू असतं. फ्रिज २००४ चा, म्हणजे बारा वर्षं जुना. त्यावर घसारा. शिलाई मशीनवर घसारा, गाद्यांवर घसारा. १ लाख ९० हजारांचे झाले १ लाख १६ हजार. त्यातून भंगाराची किंमत ४ हजार वजा. राहिले १ लाख १२ हजार. मग आली ती गोष्ट जी मला तोवर माहीत नव्हती आणि नव्याण्णव टक्के लोकांना माहीत नसते.

विमा ३ लाखांचा. वह्यांवरून वर-खाली मिळून घरातल्या सगळ्या सामानाची किंमत निघाली ४ लाख. म्हणजे आम्ही तीन चतुर्थांश सामानाचाच विमा काढला होता, उरलेल्या पाव हिश्शाची जोखीम आमच्याच अंगावर. म्हणून नुकसानीचेही तीन चतुर्थांशच मिळणार. एकूण नुकसान विमा रकमेपेक्षा कितीतरी कमी असलं तरीही! याला 'अॅव्हरेज'चं कलम म्हणतात. १ लाख १२ हजारांचे तीन चतुर्थांश, ८४ हजार.

नवरा काही बोलला नाही. त्याच्या न बोलण्यात सगळं होतं. वह्या नसत्या तर ४ लाखांचा आकडा निघाला असता का? काकांचं ऐकलं असतं तर? मला त्या क्षणी अण्णांची भीती वाटली, म्हणजे त्यांना आता काय वाटत असेल याची. ते म्हणाले, "जितकं जुनं तितकं झिजलेलं. माझंही तसंच आहे." आणि सर्व्हेअरना सोडायला गल्लीच्या तोंडापर्यंत गेले.

काकांना किती मिळाले ते मी कधी विचारलं नाही.

पैसे लगेच आले नाहीत. एकच कागद तीनदा मागितला गेला. पॅन कार्डाची प्रत, रद्द केलेला चेक, पुन्हा पॅन कार्डाची प्रत. सप्टेंबर उलटला. मग मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार पाठवली. त्यात राग नाही, फक्त तारखा. अमुक तारखेला कळवलं, अमुक तारखेला सर्व्हे, अमुक तारखांना कागद दिले, सोबत पोच. पंधरा दिवसांत पैसे खात्यात. दिवाळीच्या आठवड्यात. तसं झालं नसतं तर पुढची पायरी विमा लोकपालाची होती. कंपनीकडून महिनाभरात उत्तर नाही किंवा समाधान नाही तर तिथे वर्षाच्या आत जाता येतं. आपल्याला लोकपाल पुण्याचे. फी नाही, वकील लागत नाही.

खात्यात पैसे आले आणि पुढच्याच पंधरवड्यात नोटबंदी! सुतार म्हणतो रोख द्या, गवंडी म्हणतो रोख द्या, आणि बँकेसमोर रांग. नोटा छापणारं गाव आमचं, नाशिकरोडच्या प्रेसमध्ये रात्रंदिवस काम चाललेलं, आणि आमच्याकडे गवंड्याला द्यायला हजार रुपये नाहीत. अण्णांनी त्या दिवसांत वहीत 'उधारी' नावाचं नवीन सदर उघडलं.

भिंतींचं काय झालं तेही सांगते, कारण विमा नसल्याने तो खर्च पूर्ण आमचा होता. वाड्याच्या भिंती दगड-मातीच्या, जाड. काही वर्षांपूर्वी त्यांना आतून सिमेंटचा गिलावा केलेला. वरून कोरडा दिसायचा, आतलं पाणी बाहेर यायला वाटच नाही. महिन्याभरात पोपडे, पांढरा लोणा, कुबट वास. म्हातारे गवंडी आले, भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केलं आणि म्हणाले, "हिला श्वास घेऊ द्या." पाण्याच्या रेषेच्या वर हातभर जाऊन सगळा गिलावा काढला, कारण भिंत पाणी वर ओढते, दिव्याच्या वातीसारखं. मग नुसत्या खिडक्या उघड्या आणि पंखे. हीटर लावायचं नाव काढलं तर त्यांनी कानावर हात ठेवले, घाईने वाळवली तर तडकते म्हणे. भिंत वाळली की नाही ते बघायला प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी आतून घाम दिसला तर थांबा. आम्ही डिसेंबरपर्यंत थांबलो. मग चुन्याचा गिलावा आणि चुन्याचीच सफेदी. त्या भिंतींना परत पोपडे आलेले नाहीत.

४ ऑगस्ट २०१९ ला, रविवारी, गंगा परत आली. मारुती परत बुडाला. या वेळी खाली फक्त सागवानी फडताळ, दगडी जातं आणि लोखंडी खाट होती. फ्रिज वर, धान्य वर, विजेची बटणं छातीच्या उंचीवर. गाळ काढला, धुतलं, आठ दिवसांत घर उभं. विम्याकडे जावंच लागलं नाही. त्यानंतर मात्र आई-अण्णा आषाढ लागला की आमच्याकडे येतात आणि नवरात्राआधी परत जातात. पहिल्या वर्षी दोघंही गप्प गप्प होते. घर सोडून पाहुण्यासारखं राहायचं, वय झाल्यावर, कोणाला आवडेल? अण्णा आमच्या बाल्कनीतून ढगांकडे बघत बसायचे. आता सवय झाली आहे, किंवा तसं ते आम्हाला दाखवतात.

आता नणंदेच्या प्रश्नाचं उत्तर.

१ एप्रिल २०२१ पासून घरासाठी 'भारत गृह रक्षा' नावाची प्रमाणित पॉलिसी आली आहे. कंपनी कुठलीही असो, मूळ मजकूर तोच. पूर, वादळ, आग, भूकंप तर आहेच, शिवाय पाण्याची टाकी किंवा पाइप फुटून झालेलं नुकसानही त्यात येतं, म्हणजे पाचव्या मजल्यावर राहणाऱ्यांनाही उपयोग आहे. वास्तूची विमा रक्कम म्हणजे बांधकामाचा खर्च, जागेचा बाजारभाव नाही, त्यामुळे हप्ता वाटतो तेवढा मोठा नसतो. वास्तूचा विमा काढला की तिच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, सामान आपोआप धरलं जातं. आणि आम्हाला बसलेला तो तीन चतुर्थांशाचा फटका या पॉलिसीत काढून टाकला आहे. भाड्याने राहणारे फक्त सामानाचाही विमा काढू शकतात.

पण वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधून वर्षानुवर्षं झिरपणारी ओल विम्यात नाही. अचानक घडलेलं नुकसान वेगळं आणि हळूहळू होणारी झीज वेगळी. रोख रक्कम नाही. कागदपत्रं, हस्तलिखितं नाहीत. दागिन्यांसाठी वेगळं घ्यावं लागतं. काही जुन्या पॉलिसींत नुकसानीची सुरुवातीची ठरावीक रक्कम आपणच सोसायची असते, ते बघून घ्या. आणि शेवटी "पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली" अशा कागदावर सही मागतात तेव्हा चष्मा लावून वाचा.

हस्तलिखितं नाहीत हे वाचलं तेव्हा मला अण्णांच्या वह्या आठवल्या. ज्यांच्या जोरावर आमचा दावा मंजूर झाला त्यांना स्वतःला विमा मिळत नाही! मी त्या सगळ्या स्कॅन करायला घेतल्या आहेत. १९८६ पर्यंत आले आहे. वाचत वाचत करते म्हणून वेळ लागतो. नवऱ्याच्या जन्माच्या दिवशीचा खर्च आहे, टांगा ३ रुपये. माझ्या लग्नातल्या अक्षतांचा खर्च अजून पुढे आहे. आणि २ ऑगस्ट २०१६ च्या पानावर लिहिलंय, "गूळ २५. काड्यापेटी २. पूर." त्या पानावर बाकी काही नाही.

आमच्याकडे आता दिव्यांच्या अवसेला आणखी एक काम ठरलेलं असतं. आई दिवे घासायला बसतात आणि मी मोबाइल घेऊन दोन्ही घरांतून फिरते. प्रत्येक खोली, प्रत्येक उघडं कपाट, प्रत्येक यंत्राच्या मागची नंबराची पट्टी. व्हिडिओ काढून नणंदेला पाठवून देते, म्हणजे एक प्रत गंगेपासून लांब राहते. आधी आईंना हे खुळ वाटायचं. गेल्या वर्षी मात्र मी फिरत असताना त्यांनी हाक मारली, पाटाकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "यांचा पण काढ गं. यादीत नाही आले तरी चालेल."